स्वतःचं गाणं वाजवणारा बँड

१९८८ साली मुंबईच्या ‘रॉक मशीन’नं ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा आल्बम काढला, स्वतः रचलेल्या इंग्रजी गाण्यांचा. आज यात काही विशेष वाटणार नाही. तेव्हा मात्र आपल्याकडचा रॉक बँड म्हणजे डीप पर्पल, लेड झेपलिनची गाणी जशीच्या तशी वाजवणारी पोरं, अशीच समजूत होती. कॉलेजच्या महोत्सवांत फर्माईश व्हायची ती ओळखीच्या गाण्यांची. यवतमाळात दुर्गोत्सवातले ऑर्केस्ट्रा ऐकत वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. किशोरकुमारचा आवाज हुबेहूब निघाला की टाळ्या. गायकानं स्वतः बांधलेली चाल ऐकायला कोण थांबणार?

रॉक मशीनची सुरुवात १९८४ ची, आणि तीही दुसऱ्यांच्या गाण्यांवरच. गिटारवर महेश तिनईकर, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया आणि गायला उदय बेनेगल, ही पुढे नावारूपाला आलेली माणसं. चांगली गिटार किंवा अँप्लिफायर परदेशातून आणायचा तर जबर आयात शुल्क भरावं लागे. अशा दिवसांत या मंडळींना आधार होता तो धोबी तलावच्या रंगभवनाचा. राज्य सरकारचं हे खुलं नाट्यगृह. फरहाद वाडिया यांनी १९८६ साली सुरू केलेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव इथेच बहरला. पुढे रुग्णालयं आणि शिक्षणसंस्थांभोवती १०० मीटरचं शांतता क्षेत्र आलं. रंगभवनाच्या शेजारी दोन्ही होती, त्यामुळे २००३ च्या सुमारास तिथला आवाज थांबला. रुग्णांना शांतता हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण त्या तोडीची दुसरी जागा शहरानं तरुण वादकांना दिली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

१९९३ मध्ये रॉक मशीननं नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केलं. उसनं वाटणारं नाव टाकून आपल्या मातीतल्या नदीचं नाव घेतलं. त्याच वर्षी ‘प्रिटी चाइल्ड’च्या व्हिडिओला एमटीव्ही आशियाच्या प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. १९९५ ला नव्या नावाचा आल्बम आला आणि १९९७ ला बँड फुटला! उपग्रह वाहिन्या तोवर हिंदीकडे, सिनेमाच्या गाण्यांकडे वळल्या होत्या. इंग्रजी रॉकवर सगळ्यांची घरं चालणं अवघड होतं. बेनेगल न्यूयॉर्कला गेले आणि तिथे ‘आम्स फॉर शांती’ हा नवा बँड उभा केला.

‘पेंटाग्राम’ या दुसऱ्या रॉक बँडच्या विशाल दादलानींनी मात्र वेगळा मार्ग काढला. शेखर रावजियानींबरोबर सिनेमाला संगीत द्यायचं आणि बँडही चालवायचा. सिनेमात नाव होत असतानाच, २००५ मध्ये, पेंटाग्राम इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजला. सिनेमाला शत्रू न मानता त्याच्या बळावर बँड टिकवणं, ही मला शहाणपणाची गोष्ट वाटते.

इंडस क्रीड २०१० मध्ये पुन्हा जमला. बेनेगल, तिनईकर, बालापोरिया होतेच. बासला रुशद मिस्त्री आणि ड्रम्सना जय रो कवी हे तरुण आले. २०१२ ला ‘इव्हॉल्व्ह’ निघाला, आधीच्या आल्बमनंतर तब्बल १७ वर्षांनी. जुनी गाजलेली गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केली असती तरी चाहते खूश झाले असते. त्यांनी नवी रचली.