आडव्या झाडावर चेनसॉ चालवताना

३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळानंतर रायगडात एनडीआरएफच्या (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल) जवानांनी चेनसॉनं झाडं कापून रस्ते मोकळे केले. हे काम दिसतं त्याहून फार अवघड!

पडलेल्या झाडात ताण साठलेला असतो. खोड दोन्ही टोकांना टेकलेलं असेल, तर वरची बाजू दाबलेली आणि खालची ताणलेली असते. आधी वरून थोडाच काप घ्यायचा, मग खालून. वरून खोल गेलात तर पातं अडकलंच. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागू देऊ नका, मशीन उसळून अंगावर येतं. अर्थात, झाडाखाली अडकलेल्या तारांमधली वीज बंद झाल्याची खात्री सगळ्यात आधी.

भुशाऐवजी बारीक पीठ पडू लागलं की साखळीला कानस लावा. साखळीचं तेल वेगळं, पेट्रोलमध्ये मिसळायचं वेगळं.