मरण विसरलेल्या पेशी

गेल्या श्रावणात मी भाटघरला अक्काकडे गेले होते. भावोजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, पण वेळवंडीचा काठ काही त्यांना सुटला नाही. १९२८ साली पुरे झालेले हे धरण म्हणजे त्यांच्या घरचाच विषय. पाणी ठरलेल्या पातळीला पोहोचले की स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात, हे पाहुण्याला सांगितल्यावाचून त्यांना राहवत नाही. मला तर ते निदान वीस वेळा सांगून झाले आहे.

या खेपेला अक्काही आमच्याबरोबर धरणावर आली होती. तिला तीन वर्षांपूर्वी अंडाशयाचा कॅन्सर झाला. शस्त्रक्रिया झाली, प्लॅटिनमयुक्त औषधाची सलाईने झाली, रोग हटला. आणि या ज्येष्ठात तो परत आला. "पेशी आता औषधाला दाद देत नाहीत," असे डॉक्टर म्हणाले.

पाण्याकडे पाहात अक्काने मला विचारले, "तू शाळेत जीवशास्त्र शिकवायचीस ना ग? मग सांग, दाद देत नाहीत म्हणजे काय?"

काय सांगणार? तरी सांगितले.

आपल्या शरीरात रोज असंख्य पेशी मरतात, आणि त्या मरतात म्हणूनच आपण धड राहतो. बेडकाच्या पिलाचे शेपूट अशाच मरणाने नाहीसे होते; पोटातल्या गर्भाच्या बोटांमधला पडदाही असाच जातो. १९७२ साली कर, वायली आणि करी या तिघा शास्त्रज्ञांनी या मरणाला ग्रीक भाषेतून 'ॲपोप्टोसिस' हे नाव दिले. अर्थ काय, तर पानगळ! मरणाला इतके हळुवार नाव क्वचितच कोणी ठेवले असेल. पेशीच्या गुणसूत्रांना भारी इजा झाली की 'पी-५३' नावाचे प्रथिन इशारा देते आणि 'कॅस्पेस' नावाच्या कात्र्या पेशीला आतून कापून काढतात. भावोजींच्या दरवाजांसारखेच सारे आपोआप.

प्लॅटिनमचे औषध गुणसूत्रांना इजा करते. पुढचे काम मुख्यतः हा दरवाजा करतो. कॅन्सरची पेशी नेमका तोच अडवून धरते. 'बीसीएल-२' हे प्रथिन पेशींची वाढ करीत नाही, केवळ त्यांना मरू देत नाही, हे १९८८ साली ऑस्ट्रेलियात दिसून आले. 'एक्स-आय-ए-पी' नावाचे दुसरे प्रथिन तर कात्र्यांची पातीच धरून ठेवते. तिसरे 'सर्व्हायव्हिन': गर्भात भरपूर, मोठ्या माणसाच्या बहुतेक निरोगी पेशींत जवळजवळ नाही, आणि कॅन्सरात पुन्हा हजर! रक्ताच्या काही कॅन्सरांत बीसीएल-२ वर औषध निघाले आहे; अंडाशयाच्या रोजच्या उपचारात मात्र तसे अजून आलेले नाही.

"म्हणजे दरवाजा गंजलेला नाही, कोणीतरी धरून ठेवलाय," अक्का म्हणाली. भावोजी गप्पच होते.

गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरात तर हा धरणारा बाहेरून येतो. एचपीव्ही या विषाणूचे 'ई-६' प्रथिन पी-५३ चाच निकाल लावते. पण विषाणू शिरल्यापासून कॅन्सर व्हायला पुष्कळ वर्षे लागतात, आणि तेवढा वेळ आपल्या हाती असतो. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा एक मोठा अभ्यास झाला. त्यात बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाचा वाटा होता. या विषाणूची एकदाच तपासणी करून दोष आढळलेल्यांवर उपचार केले, तर या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटतात, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. पुण्याच्याच सीरम संस्थेच्या लशीलाही २०२२ साली परवानगी मिळाली.

अक्काच्या रोगाला अशी भरवशाची चाचणी नाही, हे मी तिच्यापासून लपवले नाही. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही.

"मग आपल्या चिमीचं काय? तिला दहावं लागलंय की."

घरी येताच अक्काने भिंतीवरच्या कॅलेंडरात नातीच्या लशीची तारीख लिहिली. त्याच पानावर तिच्या पुढच्या सलाईनचीही होती. चिमीची पहिली सुई भाद्रपदात झाली. दुसरी सहा महिन्यांनी, फाल्गुनात आहे.