बारा वॅटचा सर्व्हर

घरी सर्व्हर ठेवायचा म्हटलं की लोक आधी यंत्राची किंमत विचारतात. ती शेवटी विचारावी. आधी विजेचा हिशेब करावा, आणि तो सोपा आहे. वर्षाचे तास ८,७६०. एक वॅट वीज खाणारी वस्तू वर्षभर अखंड चालू राहिली तर ८.७६ युनिट जळतात. वरच्या टप्प्यातल्या युनिटला वहन आकार, इंधन समायोजन, वीज शुल्क असं सगळं मिळून १२ रुपये धरले, तर एका वॅटचे वर्षाला १०५ रुपये झाले. एवढा आकडा पाठ असला की कुठल्याही यंत्राकडे बघून त्याचं बिल तोंडी सांगता येतं.

माझ्या वाशीमच्या घरी हा हिशेब सगळ्यात आधी आजीने काढला होता, अर्थात आकड्यांशिवाय. ‘हे डबडं रातदिवस काऊन सुरू ठेवतं रे बाबू, बिल नाही येत काय?’ प्रश्न रास्त होता. फ्रिज आपण रात्रंदिवस चालू ठेवतो, पण दूध नासत नाही हे त्यातून दिसतं. सर्व्हरमधून काहीच दिसत नाही. एक हिरवा दिवा लुकलुकतो, बस.

सर्व्हर म्हणजे थंडगार खोलीतलं कपाटाएवढं यंत्र, असा एक समज आहे. प्रत्यक्षात ते यंत्राचं नाव नाही, कामाचं नाव आहे. दुसऱ्याने मागितलेली फाइल, फोटो किंवा पान जो संगणक चोवीस तास काढून देतो, तो सर्व्हर. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत वेबचा पहिला सर्व्हर चालवला, तो त्यांच्या टेबलावरचा नेक्स्ट कंपनीचा संगणक होता. त्यावर त्यांनी लाल शाईने चिठ्ठी लिहून चिकटवली होती, की हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका. तशीच चिठ्ठी आमच्या घरी बोर्डाच्या बटणावर लावावी लागली. झोपण्यापूर्वी सगळी बटणं बंद करण्याची सवय चांगलीच आहे. तिच्यापुढे कुठलंही सॉफ्टवेअर टिकत नाही.

आता यंत्र कोणतं घ्यायचं ते बघू. हौशी लोकांना पहिला मोह पडतो तो कंपन्यांनी काढून टाकलेल्या खऱ्याखुऱ्या सर्व्हरचा. डेलचा पॉवरएज आर ७२० हा २०१२ सालचा सर्व्हर एके काळी लाखांत विकला गेला. आज तसलं यंत्र जुन्या बाजारात चांगल्या मोबाइलपेक्षा स्वस्त मिळतं. दोन प्रोसेसर, भरपूर मेमरी, आठ-आठ डिस्कची सोय. वाचूनच हात शिवशिवतात. पण हे यंत्र काहीही काम न करता नुसतं बसून १०० ते १५० वॅट खातं. १२० धरा. महिन्याला ८६ युनिट, वर्षाला साडेबारा हजार रुपये. शिवाय पंख्यांचा आवाज असा, की शेजारच्या खोलीत अभ्यास होणार नाही.

इथे महावितरणच्या टप्प्यांचा मुद्दा येतो, आणि तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. घरगुती वापराचे टप्पे शंभर युनिटांपर्यंत, मग तीनशेपर्यंत, मग पाचशेपर्यंत असे आहेत आणि पहिल्या टप्प्यापेक्षा दुसऱ्यातला दर जवळपास दुप्पट आहे. सर्व्हरची वीज घरच्या वापराच्या डोक्यावर चढते. महिन्याला ९५ युनिट लागणाऱ्या घरात ही ८६ युनिटं आली, तर पाच सोडून बाकी सगळी महाग टप्प्यात पडतात. उलट ज्या घरी दोघंच राहतात आणि पन्नास-साठ युनिटांत भागतं, तिथे दहा-पंधरा वॅटचा सर्व्हर स्वस्त टप्प्यातच सामावून जातो. एकच यंत्र दोन घरांत वेगवेगळ्या भावाने चालतं ते असं.

म्हणून माझं मत ठाम आहे: वाशीम, रिसोड, कारंजासारख्या गावांत घरी सर्व्हर ठेवायचा असेल तर तो जुना लॅपटॉपच असावा. स्क्रीन बंद असलेला बऱ्यापैकी लॅपटॉप रिकामा बसला की आठ ते पंधरा वॅटमध्ये भागवतो. बारा वॅट धरले तर वर्षाला १,२६० रुपये. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक त्याहून कमी खातो, पण त्याला डिस्क वेगळी, पेटी वेगळी, वीज गेली की आधार वेगळा. लॅपटॉपमध्ये कीबोर्ड, स्क्रीन, डिस्क आणि बॅटरी एकत्र येतात. बॅटरी हा आपल्याकडे सगळ्यात मोठा फायदा.

जुने लॅपटॉप सध्या मुबलकही आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची, कंपन्यांच्या भाडेकरारातून सुटलेली धडधाकट यंत्रं बाजारात आली. त्यांच्यावर डेबियन किंवा उबंटू लिनक्स टाकलं की ती अजून पाच-सात वर्षं आरामात चालतात. झाकण मिटलं की झोपी जायचं नाही, एवढी एक सूचना सेटिंगमध्ये द्यावी लागते, नाहीतर पुस्तकांच्या कपाटावर ठेवलेला सर्व्हर गाढ झोपतो.

लहान यंत्राने काय होणार, असं वाटत असेल तर शेजारचं उदाहरण आहे. परम महासंगणक घडवणारे विजय भटकर मूळचे मुरंब्याचे. हे गाव अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूर तालुक्यात. अमेरिकेकडून हवा तो क्रे महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. त्यात एकच अजस्र प्रोसेसर नव्हता. इंग्लंडच्या इनमॉस कंपनीचे छोटे ट्रान्सप्यूटर एकमेकांना जोडून काम वाटून दिलेलं होतं. आज तुमच्या खिशातल्या मोबाइलची ताकद त्या यंत्रापेक्षा जास्त आहे. घरातल्या पाच माणसांचे फोटो सांभाळायला जुना लॅपटॉप कमी पडत नाही. कमी पडतं ते बाकीचं.

बाकीचं म्हणजे आधी बॅटरीच. लॅपटॉप महिनोन्महिने चार्जरला लावून ठेवला की बॅटरी शंभर टक्क्यांवर ताटकळते आणि लिथियमच्या बॅटरीला भरलेपण आणि उष्णता दोन्ही सोसत नाहीत. ती फुगते. सुरुवातीला कळतही नाही. मग एक दिवस टचपॅड क्लिक होईनासा होतो, त्याची एक कड किंचित वर आलेली दिसते, झाकण मिटल्यावर मधे फट राहते. असं दिसलं तर यंत्र ताबडतोब बंद करून बॅटरी काढावी. ती टोचून, दाबून बसवायच्या फंदात पडू नये. हे टाळायचं तर चार्जिंगला मर्यादा घालावी. थिंकपॅडसारख्या बऱ्याच यंत्रांत साठ टक्क्यांखाली गेल्यावर सुरू आणि ऐंशीला बंद, असं सांगून ठेवता येतं. ऐंशी टक्के भरलेली जुनी बॅटरी बारा वॅटच्या भाराला दीड-दोन तास सहज काढते.

डेस्कटॉप घेतला तर हे सुख नाही. घरचा इन्व्हर्टर असेल तरी वीज गेल्यावर बॅटरीकडे वळायला त्याला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात डेस्कटॉप मान टाकतो. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं एक छोटं बटण असतं. ते दाबलेलं असेल तर हा क्षण इतका आखूड होतो की संगणकाला कळत नाही. घराघरांत ते बटण नको त्या बाजूला असतं.

राउटर आणि फायबरचा डबा यांना मात्र स्वतःची बॅटरी नसते. बारा व्होल्टचा छोटा यूपीएस त्यांना लावला तरी गल्लीतल्या खांबावरच्या पेटीचं काय, हा प्रश्न उरतोच. लॅपटॉप जिवंत आणि लाइन मेलेली, हा प्रसंग नेहमीचा आहे.

आणि अर्थिंग. मृगाच्या तोंडावर विजा कडाडायला लागल्या की यंत्रं जळाल्याच्या बातम्या येतात. मीठ-कोळशाचा अर्थिंगचा खड्डा बहुतेक जुन्या घरांत असतो. उन्हाळ्यात तो कोरडा पडतो आणि कोरडी माती वीज धड वाहून नेत नाही. एप्रिल-मेमध्ये त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतणं हे कुठल्याही महागड्या स्पाइक गार्डइतकंच महत्त्वाचं आहे. पातूरचा घाट चढून आल्यामुळे वाशीमचा मे अकोल्याइतका भाजत नाही हे खरं, पण पत्र्याखालच्या खोलीत तो फरक कळत नाही. गूगलने २००७ साली एक लाखाहून जास्त हार्ड डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात साधारण तापमानाचा डिस्क बिघडण्याशी फारसा संबंध आढळला नाही. फार गरम झालेल्या डिस्कबाबत मात्र तो दिसला. तेव्हा एसीची गरज नाही. खालच्या मजल्यावरची भिंत, मागे चार बोटं मोकळी जागा आणि महिन्यातून एकदा धूळ झटकणं पुरतं.

यंत्र लागलं, वीज सांभाळली. आता बाहेरून त्याच्यापर्यंत पोचायचं कसं? इथे पुष्कळांचा उत्साह मावळतो. इंटरनेटवरच्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४३० कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटले गेले, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-प्रशांत भागाची कोठीही जवळपास रिकामी झाली. आपल्याकडे घरोघरी फायबर आलं ते त्यानंतर. म्हणून कंपन्या शेकडो ग्राहकांना मिळून एकच खरा पत्ता देतात. वाड्याचा पत्ता एक आणि आत वीस बिऱ्हाडं, तशातली ही गत: आतून पत्र टाकता येतं, पण बाहेरून आलेला पोस्टमन दारातच थांबतो. स्वतःचं तपासायचं असेल तर राउटरच्या पानावर वॅनचा पत्ता बघावा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल तर तुम्ही वाड्यात आहात.

यातून वाटा तीन. कंपनीकडे स्थिर पत्ता मागायचा. त्याचे वर्षाला वेगळे पैसे पडतात आणि काही ठिकाणी घरगुती ग्राहकाला तो देतच नाहीत. दुसरी वाट आयपीव्ही ६ या नव्या पत्त्यांची. ते अमाप आहेत, आणि २०१६ साली जिओ आल्यापासून भारत त्यांच्या वापरात जगात पुढच्या रांगेत आहे. पण समोरच्याकडेही ते हवेत. तिसरी आणि मला पटलेली वाट म्हणजे वायरगार्डसारखा बोगदा: घरचा सर्व्हर स्वतः बाहेर जोडणी करतो आणि तुमचा मोबाइल त्याच बोगद्यातून घरात येतो. दार जगाला उघडं राहत नाही, हा त्यातला मोठा लाभ. कारण खरा पत्ता मिळून दार उघडलं की काही मिनिटांतच कुठल्या कुठल्या देशांतून पासवर्ड चाचपायला सुरुवात होते. त्यात व्यक्तिगत वैर काही नसतं, यंत्रंच यंत्रांची दारं ढकलत हिंडत असतात.

घरच्या सर्व्हरवर काय ठेवू नये, ते आधी सांगतो. ईमेल नको. बऱ्याच कंपन्या घरगुती लाइनवर त्यासाठीचं पोर्ट २५ बंद ठेवतात आणि जिथे ते उघडं असतं तिथूनही पाठवलेली पत्रं लोकांच्या स्पॅममध्ये जाऊन पडतात. दुकानाची वेबसाइट नको, कारण वीज गेली म्हणून गिऱ्हाईक थांबत नाही. शिवाय बऱ्याच घरगुती प्लॅनच्या अटींत असा वापर बसत नाही. त्यासाठी महिना पाचेकशे रुपयांत मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये भाड्याची जागा मिळते, ती घ्यावी. ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आणि मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात आपली केंद्रं उघडली, तेव्हापासून ‘क्लाउड’ बराचसा महाराष्ट्रातच आहे.

घरी ठेवावं ते घरचं: लग्नाचे, बारशाचे फोटो, जमिनीची कागदपत्रं, मुलांचे अभ्यासाचे व्हिडिओ. नेक्स्टक्लाउड, इमिच, जेलीफिन ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. याचा खरा उपयोग कळतो तो रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडल्यावर. इंटरनेट संध्याकाळपर्यंत येत नाही, पण घरच्या वायफायवर सगळं जागेवर असतं. शाळेसाठी तर ही गोष्ट सोन्यासारखी आहे. किविक्स नावाच्या प्रणालीने मराठी विकिपीडिया आख्खा एका पेनड्राइव्हवर मावतो आणि एका जुन्या लॅपटॉपवरून सगळ्या वर्गाला इंटरनेटशिवाय वाचायला देता येतो.

पैसे वाचतात का? सावकाश. गूगलकडे दोन टीबी जागेला वर्षाचे ६,५०० रुपये पडत आले आहेत. लॅपटॉप आणि दोन डिस्क मिळून २०,००० धरा, वरून वर्षाची १,२६० रुपयांची वीज. हिशेब बरोबरीत यायला चौथं वर्ष उजाडतं. लॅपटॉप घरात पडलेलाच असेल तर लवकर. पीएम सूर्यघर योजनेतून छतावर एक किलोवॅटचं सोलर बसलं, त्याला ३०,००० रुपये अनुदान आहे, तर दिवसाला सरासरी चार युनिट तयार होतात, आणि सर्व्हरची नऊ युनिटं महिन्याच्या हिशेबात हरवून जातात. पण सर्व्हरसाठी सोलर घेतो असं घरात म्हणू नये.

दुसरी डिस्क कशाला, असं विचारणारे भेटतात. वाशीमलाच १९३९ साली वाकाटक राजा विंध्यशक्ती दुसरा याचे ताम्रपट सापडले. एका गावाच्या दानाची नोंद दीड हजाराहून अधिक वर्षं टिकली. आपल्या डिस्कवर कंपनी दोन-तीन वर्षांची हमी देते, फार तर पाच. म्हणून एक प्रत यंत्रात, दुसरी वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी वेगळ्या गावी, हा नियम जगभर पाळतात. वेगळं गाव आपल्याकडे शोधावं लागत नाही. घरटी एक जण पुण्यात असतो. भावाच्या फ्लॅटमध्ये राउटरशेजारी एक छोटा डबा आणि डिस्क ठेवली की काम झालं. पहिली प्रत मात्र तारेवरून पाठवू नये. दोन टीबी माल १०० एमबीपीएसच्या लाइनने अखंड चढवला तरी ४४ तास लागतात. संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सने जाणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत डिस्क दिली तर ती सकाळी पुण्यात असते. मग रोज रात्री फक्त नवे फोटो तेवढे तारेवरून जातात.