फेस घालून तेल काढतात!

देहूरोडच्या मित्रांनो, विहीर खणली की जमिनीखालचं सगळं तेल वर येतं, असं अजिबात नाही. निम्म्याहून जास्त तेल बहुतेक वेळा खडकातच अडकून राहतं. आपलं समुद्रातलं मुंबई हाय तेलक्षेत्रच घ्या. १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या खोदकाम रिगने तिथे तेल शोधलं, १९७६ पासून उत्पादन सुरू झालं. तिथलं तेल चुनखडीच्या बारीक छिद्रांत आहे. ते पुढे ढकलायला समुद्राचंच पाणी आत सोडतात.

काही तेलक्षेत्रांत पाण्याऐवजी वायू सोडतात. पण वायू हलका आणि फार पातळ. तो तेलाच्या डोक्यावरून, मोकळ्या थरातून सुसाट निघून जातो आणि तेल जागच्या जागी! इथे फेस कामाला येतो. पाण्यात साबणासारखं रसायन मिसळलं की वायूचे बुडबुडे होतात, छिद्राछिद्रांत पातळ पडदे ताणले जातात आणि मोकळी वाट अडते. मग वायूला घट्ट थराकडे वळावंच लागतं.

मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं. बाटलीत साबणपाणी हलवून फेस करा, वर गोडेतेलाचे थेंब टाका. फेस बसायला लागेल. खडकातही बऱ्याचदा तसंच होतं. तेल संपलेल्या भागात फेस टिकतो, तेल असलेल्या भागात मोडतो. म्हणजे अडवायचं तिथेच अडवतो! मात्र फार लवकर मोडला तर रसायनाचा खर्च पाण्यात.

फेसाच्या या कल्पनेचं अमेरिकन पेटंट १९५८ चं. नॉर्वेच्या स्नोरे तेलक्षेत्रात समुद्राखाली मोठा प्रयोगही झालाय. आणि घाट उतरलं की पनवेलला ओएनजीसीची तेल-वायू उत्पादन तंत्रज्ञानाची संस्था आहे. इंजिनिअरिंगच्या पोरांनो, या विषयात जरूर डोकं घाला.