बत्तीस अक्षरांची अट

घरच्या राउटरमधलं कंपनीचं फर्मवेअर काढून त्यावर ओपनडब्ल्यूआरटी हे लिनक्सवर आधारलेलं खुलं फर्मवेअर चढवणारे हौशी लोक एका टप्प्यावर हमखास अडतात. सोर्स कोड अधिकृत, आवृत्ती अधिकृत, कर्नलचा क्रमांकही अगदी तोच. स्वतः बिल्ड केलेलं फर्मवेअर राउटरवर छान चालत असतं. मग कधीतरी यूएसबी मॉडेम जोडायचा म्हणून त्याचं कर्नल मॉड्यूल अधिकृत सर्व्हरवरून उतरवायला जावं, तर पॅकेज मॅनेजर साफ नकार देतो. या मॉड्यूलला लागणारा कर्नल इथे नाही, असं त्याचं म्हणणं.

तो खोटं बोलत नसतो. ओपनडब्ल्यूआरटी कर्नल बिल्ड करताना कॉन्फिग फाइलमधले चालू असलेले सगळे पर्याय गोळा करतं. त्यांतले काही कर्नलमध्येच मुरवलेले असतात, काही मॉड्यूल म्हणून वेगळे ठेवलेले. ही यादी क्रमाने लावून तिचा एमडी५ हॅश, म्हणजे बत्तीस अक्षरांचा ठसा, काढला जातो. ही बत्तीस अक्षरं कर्नलच्या पॅकेजच्या आवृत्तीला जोडली जातात आणि प्रत्येक मॉड्यूलच्या पॅकेजवर ‘हाच कर्नल असेल तरच’ अशी अट बसते. हजारो पर्यायांपैकी एक जरी वेगळा असला, तरी हॅश ओळखू येणार नाही इतका बदलतो.

एवढा कडकपणा कशाला? लिनक्सच्या कर्नलचा बाहेरच्या प्रोग्रामांशी असलेला व्यवहार वर्षानुवर्षं टिकवला जातो. आतली रचना मात्र कधीही बदलेल, हे कर्नलकारांचं जाहीर धोरण आहे. नेटवर्कवरचं प्रत्येक पॅकेट कर्नलमध्ये ‘एसके-बफ’ नावाच्या रचनेत ठेवलं जातं. फायरवॉलला लागणारा कनेक्शन ट्रॅकिंगचा पर्याय चालू असेल तर या रचनेत एक जास्तीचा रकाना येतो, बंद असेल तर येत नाही. रकाना आला की इतर रकान्यांच्या जागा सरकू शकतात. एका रचनेसाठी तयार झालेलं मॉड्यूल दुसऱ्या रचनेच्या कर्नलमध्ये घुसवलं, तर ते भलत्याच जागेचा आकडा वाचतं किंवा, त्याहून वाईट, भलत्याच जागी लिहितं. राउटर मग मधूनच रीस्टार्ट होतो आणि मालक अडॅप्टरला दोष देत बसतो.

यावर एक पळवाटही आहे. अधिकृत हॅश आपल्या बिल्डमध्ये हाताने लिहून टाकायचा! पॅकेज मॅनेजर फसतो, मॉड्यूल बसतं, पुष्कळदा चालतंही. पण अट पुसली म्हणून रचना जुळत नाही. शिवाय हा हॅश फक्त कॉन्फिगचा असतो. कर्नलच्या कोडमध्ये कुणी पॅच मारला असेल, तर त्याचा या बत्तीस अक्षरांना पत्ताही नसतो. म्हणजे पहारेकरी कडक आहे, पण एकाच दारावर उभा आहे.

सरळ वाट थोडी लांबची आहे, अवघड नाही. ओपनडब्ल्यूआरटीच्या डाउनलोड सर्व्हरवर प्रत्येक प्रकारच्या चिपसाठी वेगळं फोल्डर असतं. त्यात फर्मवेअरच्या शेजारी तीन छोट्या फाइली पडलेल्या असतात आणि बहुतेकांची नजर त्यांच्यावरून घसरते. ‘व्हर्जन.बिल्डइन्फो’ सोर्सचा नेमका टप्पा सांगते. ‘फीड्स.बिल्डइन्फो’ बाहेरून आणलेल्या पॅकेजांचे संच, म्हणजे फीड, कोणत्या कमिटवरचे आहेत ते सांगते. ‘कॉन्फिग.बिल्डइन्फो’त बिल्ड करतानाचे पर्याय असतात. गिटमधून नेमका तोच टॅग घ्यायचा, फीड त्याच कमिटवर न्यायचे, कॉन्फिग जशीच्या तशी उचलायची, आणि मग बिल्ड. अधिकृत कॉन्फिगमध्ये ‘सगळी कर्नल मॉड्यूल्स’ हा पर्याय चालू असतो. आपल्याला लागतात चारच, म्हणून तो बंद केला की हॅश बदललाच. कारण काही मॉड्यूल निवडली की त्यांच्यामागून कर्नलचे आणखी पर्याय आपोआप चालू होतात, हे नवख्याच्या लक्षात येत नाही.

बिल्डची कृती जाहीर असावी, हा आग्रह जुना आहे. लिनक्स ज्या जीपीएल परवान्याखाली मिळतो, त्याच्या १९९१च्या दुसऱ्या आवृत्तीतच सोर्स कोडच्या व्याख्येत कंपाइल आणि इन्स्टॉल करण्याच्या स्क्रिप्टही धरल्या आहेत. ओपनडब्ल्यूआरटीचा जन्मच या परवान्यामुळे झाला. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये लिनक्स असल्याचं प्रोग्रामरांनी हुडकलं, कोड मागितला, २००३मध्ये तो खुला झाला आणि २००४मध्ये हा प्रकल्प उभा राहिला. नावातलं ‘डब्ल्यूआरटी’ त्या राउटरचंच.

हॅश जुळला तरी फर्मवेअरची फाइल बाइट-न्-बाइट तीच येईल, असं नाही. कंपाइल केल्याची वेळ, करणाऱ्याचं नाव, कॉम्प्युटरचं नाव, फोल्डरचा पत्ता, फाइली वाचल्या गेल्याचा क्रम, असं बरंच काही नकळत आत शिरतं. म्हणून अधिकृत बिल्डच्या कर्नलमध्ये माणसाऐवजी ‘बिल्डर’ आणि ‘बिल्डहोस्ट’ ही टोपणनावं असतात, आणि बिल्डचा क्रमांक शून्य. घड्याळाऐवजी सोर्समधल्या शेवटच्या बदलाची तारीख वापरली जाते. त्यासाठीचा ‘सोर्स डेट एपॉक’ हा संकेत २०१५पासून रूढ झाला. अधिकृत फाइलींवरच्या डिजिटल सहीची गुप्त किल्ली अर्थातच कुणाला मिळत नाही, तेव्हा तेवढी सही वगळून ताडून पाहायचं.

फाइल बाइट-न्-बाइट जुळवणं हा निव्वळ नेटकेपणाचा सोस नाही. २०२०मध्ये उघड झालेल्या सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रकरणात हल्लेखोरांनी तिच्या बिल्ड करणाऱ्या यंत्रात शिरून, कंपाइल होत असतानाच एक सोर्स फाइल गुपचूप बदलली होती. बाहेर पडलेल्या अपडेटवर कंपनीची खरी सही होती. अशी चोरी पकडायची तर कुणीतरी दुसऱ्या यंत्रावर तेच पुन्हा बिल्ड करून दोन्ही फाइली शेजारी ठेवायला हव्यात. एक्सझेड या कॉम्प्रेशन सॉफ्टवेअरच्या २०२४च्या प्रकरणात मात्र एवढ्यानेही भागलं नसतं: तिथे विष प्रकाशित सोर्सच्या गठ्ठ्यातच होतं, त्यामुळे तेच दुसऱ्या यंत्रावर तसंच पुन्हा बिल्ड करूनही तोच विषारी परिणाम मिळाला असता.

ज्यांना कर्नलला हात लावायचाच नाही, फक्त पॅकेजं कमी-जास्त करायची आहेत, त्यांनी या फंदात पडू नये. त्यांच्यासाठी ‘इमेज बिल्डर’ आहे: त्यात अधिकृत कर्नल तयारच येतो, हॅश आपसूक जुळतो आणि काम काही मिनिटांत उरकतं. कर्नल बदलणाऱ्यांनी मात्र पुढे लागू शकणारी सगळी मॉड्यूल्स फर्मवेअरबरोबर त्याच दिवशी बिल्ड करून आपल्याजवळ ठेवावीत. अधिकृत सर्व्हरवरची त्यांना उपयोगी पडणार नाहीत.