मांजराला हत्तीचं कातडं चढवलं तर?

मॉडेलला मांजराचा फोटो दिला, त्यानं 'मांजर' म्हटलं. उत्तर बरोबर. पण ते कशावरून ओळखलं? कॉम्प्युटर व्हिजनमध्ये संशोधन करायचं ठरवत असाल, तर ॲक्युरसीच्या आकड्याआधी हा प्रश्न विचारायची सवय लावून घ्या.

आधी थोडं गणित. २२४ × २२४ पिक्सेलचा रंगीत फोटो म्हणजे १,५०,५२८ आकडे. रेझनेट-५० सारखं नेटवर्क ते थराथरांतून नेतं आणि शेवटी २,०४८ आकड्यांची एक यादी बनवतं. ही यादी म्हणजे त्या फोटोचं रिप्रेझेंटेशन. अगदी शेवटचा थर फक्त तिच्याकडे बघून 'मांजर' की 'हत्ती' ते ठरवतो. मूळ फोटो त्याला दिसतच नाही.

मग या यादीत नेमकं काय उरतं? पाठ्यपुस्तकातली गोष्ट तुम्ही ऐकली असेल: सुरुवातीचे थर कडा आणि रंग पकडतात, मधले कान, डोळे असे अवयव, आणि शेवटी अख्खी वस्तू. गोष्ट छान आहे, पण जरा जास्तच छान आहे.

रॉबर्ट गाइरहोस आणि सहकाऱ्यांनी एक साधी युक्ती केली. त्यांचा पेपर २०१९ च्या आयसीएलआर परिषदेत आला. त्यांनी मांजराची आकृती तशीच ठेवली आणि तिच्यावर हत्तीच्या कातडीचा पोत चढवला. तुम्ही-आम्ही बघताक्षणी मांजर म्हणू. इमेजनेटवर शिकलेलं रेझनेट-५० म्हणालं, 'भारतीय हत्ती'! अशा फसव्या चित्रांमध्ये माणसं साधारण ९५ टक्के वेळा आकाराच्या बाजूनं गेली, हे मॉडेल जेमतेम २२ टक्के वेळा.

असं का व्हावं? त्याच परिषदेतल्या बॅगनेटच्या पेपरमध्ये याचा धागा सापडतो. तिथे फोटोचे ३३ × ३३ पिक्सेलचे तुकडे घेतले आणि कुठला तुकडा कुठे होता हे विचारातच घेतलं नाही. तरी पहिल्या पाच अंदाजांत बरोबर उत्तर असण्याचं प्रमाण ८७.६ टक्के आलं. आता सांगा, ठिगळांवर भागत असेल तर मॉडेल आकाराच्या फंदात कशाला पडेल? दोष फक्त नेटवर्कच्या रचनेचा नाही, आपण दिलेला डेटाच तेवढं मागतो. गाइरहोस यांनी चित्रांचा पोत रंगचित्रांच्या शैलीनं बदलून तेच नेटवर्क पुन्हा शिकवलं, तेव्हा २२ चे ८१ टक्के झाले.

इथवर वाचून 'सीएनएनला आकार दिसत नाही' असं वहीत लिहून घेतलं असेल, तर थांबा. २०२० मध्ये हरमन, चेन आणि कॉर्नब्लिथ यांनी उलटा प्रश्न विचारला: आकाराची माहिती आत आहे का? त्यांनी शिकलेलं नेटवर्क गोठवलं, म्हणजे त्यातला एकही आकडा बदलू दिला नाही. मग आतल्या थरांवर एक साधा लिनियर क्लासिफायर बसवून त्याला आकार ओळखायला लावला. याला प्रोब म्हणतात. आकाराची बरीचशी माहिती तिथे सापडली! शिवाय फोटोचा कुठलाही तुकडा कापून शिकवण्याची जी पद्धत आपण सगळे डोळे झाकून वापरतो, रँडम क्रॉप, तीच पोताकडचा कल वाढवते हेही दिसलं.

म्हणजे 'माहिती आत असणं' आणि 'निर्णयात ती वापरली जाणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या मते नव्या विद्यार्थ्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. आणि हा निव्वळ तात्त्विक वाद नाही. २०१८ च्या एका अभ्यासात छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणारी मॉडेल्स तपासली, तर एक्स-रे कुठल्या हॉस्पिटलचा आहे हेही नेटवर्कला सहज ओळखता येत होतं. एका हॉस्पिटलमध्ये रुग्ण जास्त असतील, तर फुप्फुसाकडे न बघताही गुण मिळतात. दुसऱ्या हॉस्पिटलात गेल्यावर मात्र पंचाईत.

तुम्ही स्वतः प्रोब लावाल तेव्हा एक काळजी घ्या. तोच प्रोब अजिबात न शिकवलेल्या, रँडम आकड्यांच्या नेटवर्कवरही चालवून बघा. तिथेही जवळपास तेवढेच गुण आले, तर ती माहिती मूळ पिक्सेलमधूनच आली असणार, मॉडेलनं शिकून मिळवलेली नाही. पेपरमध्ये हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी द्या.