बिलोरी की साच्याची?

मागच्या महिन्यात आमच्या कारंज्यातल्या एका गटाच्या बैठकीला एक बाई जुन्या लुगड्यात गुंडाळून काचेचा जाड वाडगा घेऊन आली. "ताई, सासूबाई म्हणत बिलोरी हाये, अन् दारावर आलेला माणूस दोनशेच देऊन रायला. देऊ का?"

कारंजा हे कापसाचं जुनं बाजारगाव. इथल्या घरांत कपाटाच्या मागल्या खणात असे वाडगे, पेले, अत्तरदाण्या सापडतात. विकायचं की ठेवायचं, हे ज्या त्या घरानं ठरवावं. पण वस्तू काय आहे हे कळल्याशिवाय भाव बोलू नये.

बिलोरी म्हणजे पैलू पाडलेली काच. भांडं आधी तयार करतात, मग फिरत्या चाकावर नक्षी कापून तिला चकाकी आणतात. साच्याच्या काचेत हीच नक्षी दाबून उठवलेली असते. फरक बोटाला लवकर कळतो. कापलेल्या पैलूची कड धारदार लागते, साच्याची गोलसर, वितळलेल्या खडीसाखरेसारखी. साच्याच्या भांड्यावर बहुधा उभी बारीक रेघ असते, कपड्याच्या शिवणीसारखी. ती नक्षीत लपते, म्हणून काठाजवळ शोधा. पेला असेल तर बुडाशी धरून काठावर नखानं हलकी टिचकी मारा. शिसं घातलेली बिलोरी काच घंटीसारखी घुमते. जाड वाडग्याला मात्र ही परीक्षा लावू नका, तो घुमला नाही तरी काही सिद्ध होत नाही. आता बूड पाहा. वर्षानुवर्षं फळीवर सरकलेल्या भांड्याच्या बुडाला वेड्यावाकड्या दिशांनी बारीक चरे असतात.

कारखान्याचं नाव बहुतेक जुन्या बिलोरी काचेवर नसतंच. अनेकदा कागदी चिठ्ठी चिकटवलेली असायची, ती धुण्यात गेली. तरी बूड उजेडात तिरकं धरून पाहावं. नुसत्या नक्षीवरून कारखाना सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही, कारण चौकटीचे हिरे आणि बुडाचा तारा सगळेच एकमेकांचे उचलत. ताऱ्याचे किरण मोजून लिहून ठेवा, फोटो काढा. जाणकाराला दाखवायला तेच लागतं.

सगळी काच विलायतेचीच असते असंही नाही. लोकांच्या एकेक पैशातून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना 1908 साली तळेगाव दाभाड्याला निघाला. कराडजवळ ओगलेवाडीला ओगल्यांचा कारखाना 1916 चा, प्रभाकर कंदील त्यांचाच. घरात जुना कंदील असेल तर त्यावर नाव आहे का तेही पाहा.

आमच्या वाडग्याला दोन्ही बाजूंनी शिवण निघाली. बुडाशी पुसट इंग्रजी अक्षरं होती, झेकोस्लोव्हाकिया. हा देश 1918 साली झाला, म्हणजे वाडगा त्याआधीचा नाही. "आजेसासूच्या आजीचा" ही घरातली गोष्ट तिथंच संपली. ती जरा खट्टू झाली, पण आता समोरच्यानं काहीही सांगितलं तरी तिला उत्तर देता येईल.

एक सावधगिरी. बिलोरी काचेतलं शिसं आंबट पदार्थात उतरतं. लोणचं, चिंचेचं पाणी, लिंबाचं सरबत तिच्यात साठवून ठेवू नका. आणि गार काचेवर कढत पाणी ओतू नका, तडकते.

घरी एक अत्तरदाणीही आहे, ती पुढच्या बैठकीला आणते म्हणाली. मी तिला सांगितलं, झाकण वेगळं गुंडाळ, काचेला काच लागू देऊ नको.